उडी कोणत्या जातीची?

माझी नात चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहामाहीची तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन ती घरी आली, तेव्हा मी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसले होते. प्रश्न होता, 'क्रियापद अधोरेखित करा', आणि वाक्य होते, 'माकडाने उडी मारली'. तिने 'उडी'खाली रेघ ओढली होती आणि त्या रेघेवर लाल फुली होती. एक गुण गेल्याचे तिला फारसे काही वाटले नव्हते. तिला कोडे पडले होते. "आजी, माकडानं काय केलं? उडीच मारली ना वं? मंग क्रिया उडीच झाली. क्रिया दाखवते तेच क्रियापद, असं तं पुस्तकात लिवलं आहे."

तिने पाठ केलेली व्याख्या बिनचूक होती. त्या व्याख्येवरून काढलेला निष्कर्षही सरळ होता. तरी उत्तर चूक ठरले. मी बत्तीस वर्षे आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत मराठी शिकवली आणि अशा फुल्या माझ्याही हातून पडल्या आहेत. फुली मारताना समोरच्या मुलाला 'असं का वाटलं?' असे विचारायला मी क्वचितच थांबले. त्या दुपारी सूप बाजूला ठेवावे लागले, कारण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्यात देण्यासारखे उत्तर नव्हते.

'उडी' हा शब्द क्रिया दाखवतो, हे खरेच आहे. 'नाच', 'धाव', 'झोप', 'मार', 'पळापळ' हेही क्रियाच दाखवतात आणि तरी वाक्यात पुष्कळदा नामाचे काम करतात. भाषेचे काही अभ्यासक तर 'उडी मारणे' ही जोडी मिळून एकच क्रियापद मानतील. म्हणजे पोरगी निदान अर्धी तरी बरोबर होती. दोष व्याख्येचा आहे. ती शब्दाचा अर्थ विचारते, शब्दाचे वाक्यातले काम विचारत नाही. आणि काम कळायचे तर काम करावे लागते. व्याकरण घरच्या अंगणात, हातापायांनी खेळून शिकवावे असे मी आता ठामपणे म्हणते, ते याच कारणासाठी. खेळाने मुले खूश राहतात ही गोष्ट चांगलीच आहे, पण माझे कारण ते नाही. शब्दाची जात कामावरून ठरते आणि काम डोळ्यांना दिसावे लागते, हे माझे कारण आहे.

त्या संध्याकाळी अंगणात नात, तिचा सहा वर्षांचा भाऊ आणि शेजारची तीन पोरे जमली. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला शिकवावा लागत नाही. मी शिवाजी झाले. "शिवाजी म्हणतो, उडी मार." पाचही जणांनी उडी मारली. "शिवाजी म्हणतो, उडी मोज." आता घोटाळा झाला. दोघांनी सवयीने उडी मारली, मोठी थबकली, मग तिने भावाला उडी मारायला लावली आणि बोट वर करून म्हणाली, "एक." "शिवाजी म्हणतो, उडी काढ." तिने चुलीतला कोळसा आणून फरशीवर हवेतले माकड काढले. "उडी बघ." सगळे तिच्या माकडाकडे बघू लागले. "उडी चुकव." एकाने दोरी जमिनीलगत फिरवली, दुसऱ्याचा पाय अडकला. तेवढ्यात धाकटा ओरडला, "उडी तं तीच हाय, काम बदलून रायलं!"

माझ्या सगळ्या नोकरीत क्रियापदाची याहून चांगली व्याख्या मला कोणी ऐकवलेली नाही. मार, मोज, काढ, बघ, चुकव. उडी जागच्या जागी होती आणि तिच्याशी काय करायचे ते प्रत्येक वेळी शेवटचा शब्द ठरवत होता. मग मी त्यांना एक कसोटी दिली. 'ले' लावून बघायचे. आमच्याकडे 'मला'चे 'मले' होते, 'त्याला'चे 'त्याले' होते. 'उडीले' म्हणता येते का? "हाव, 'उडीले घाबरला' म्हणता येते." 'मारलीले'? सगळे हसले. असे कोणी बोलत नाही, हे पाच जणांना न शिकवता माहीत होते. दुसरी कसोटी मोजण्याची. तीन उड्या होतात, तीन मारल्या होत नाहीत. नातीने उत्तरपत्रिका परत उघडली, 'मारली'खाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि फुलीकडे पुन्हा पाहिलेही नाही.

हे कोडे तिला पहिल्यांदा पडलेले नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी यास्काने निरुक्ताच्या सुरुवातीलाच शब्दांचे चार वर्ग सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आख्यात म्हणजे क्रियापद. आणि लगेच त्याने हाच प्रश्न घेतला आहे. चालू असलेली, एकामागून एक टप्प्यांनी घडत जाणारी क्रिया आख्यात सांगते. तीच क्रिया आरंभापासून शेवटपर्यंत पुरी होऊन एखाद्या वस्तूसारखी घट्ट झाली की तिला नामाने बोलावतात. त्याने जाणे आणि शिजवणे यांवरून बनलेली नामे उदाहरणाला घेतली आहेत. आमच्या अंगणात उडी होती. पाणिनीने तर पदे दोनच मानली, नामाचे प्रत्यय घेणारे सुबन्त आणि क्रियापदाचे प्रत्यय घेणारे तिङन्त. शाळेत आपण ज्या आठ जाती शिकवतो त्यांची परंपरा ग्रीक आणि लॅटिन व्याकरणांकडून इंग्रजीत आली आणि इंग्रजीच्या धर्तीवर दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले तेव्हा मराठीत रुजली. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले आणि त्या चौकटीची खोलात चिकित्सा झाली. चार, दोन, आठ. मोठमोठ्या वैयाकरणांचे आकड्यावर एकमत नाही. मग नऊ वर्षांच्या मुलीला आठ खण पाठ करायला लावण्यात काय अर्थ आहे? तिला खण नकोत, शब्दाला विचारायचा प्रश्न हवा: तू इथे काय करतोस?

'जात' या शब्दाबद्दल मला इथे थांबून बोलायचे आहे. 'शब्दांच्या जाती' ही संज्ञा मराठी व्याकरणात पक्की बसली आहे आणि ती बदला असे मी म्हणत नाही. पण आमच्या गावांत 'कोण्या जातीचा?' हा प्रश्न मुलाच्या कानावर शाळेत नाव घालण्याच्या आधी पडतो. जात म्हणजे जन्माने चिकटलेली, न बदलणारी गोष्ट, हे त्याच्या मनात तेव्हाच बसते. तोच अर्थ घेऊन ते व्याकरणाच्या तासाला येते आणि समजते की 'चांगला' हा जन्माने विशेषण आहे, 'मागे' हा जन्माने क्रियाविशेषण आहे. भाषेत तसे नसते. 'चांगला मुलगा' म्हटले की विशेषण, 'चांगला पोहतो' म्हटले की क्रियाविशेषण आणि 'चांगल्याला चांगलं म्हणावं' म्हटले की पहिला 'चांगल्या' नाम. एकाच दिवसात एक शब्द तीन कामे करतो आणि कोणी त्याला हटकत नाही. मी घरात खेळताना 'शब्दाची जात' म्हणणे सोडले आहे. 'शब्दाचं काम' म्हणते. परीक्षेत कोणता शब्द लिहायचा ते मुलांना नंतर सांगता येते.

'मागे' या शब्दाचा खेळ फार सोपा आहे. "मागे बस" म्हटले की मूल दोन पावले मागे सरून बसते. "दारामागे बस" म्हटले की दाराआड जाते. पहिल्या हुकमात 'मागे' कोणाला चिकटलेला नाही, तो बसण्याची जागा सांगतो. दुसऱ्यात तो दाराला चिकटला आहे आणि चिकटताना त्याने दाराचे रूपही बदलले आहे: 'दार' होते, 'दारा' झाले. हे मुलांना दिसावे म्हणून आम्ही चिठ्ठ्या केल्या. एकाच्या गळ्यात 'खाट', दुसऱ्याच्या गळ्यात 'खाली', तिसऱ्याच्या 'मांजर', चौथ्याच्या 'झोपली'. मांजर आणि झोपली मोकळी उभी. 'खाली'ने 'खाटे'च्या खांद्यावर हात ठेवला की 'खाट' झालेल्या मुलाने आपली चिठ्ठी उलटी करायची. मागे 'खाटे' लिहिलेले. हात काढला की पुन्हा 'खाट'. शब्दयोगी अव्यय आणि सामान्यरूप या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात बहुधा वेगवेगळ्या पाठांत येतात. इथे त्या एका खांद्यावर एका वेळी घडल्या. मग पोरांनीच पुढे चालवले: सूप-सुपात, घर-घरावर, बोडी-बोडीत (बोडी म्हणजे आमच्याकडचे लहान तळे). 'बोडी'ची चिठ्ठी उलटली तर मागेही 'बोडी'च. धाकटा रुसला, "माहीच काऊन नाही बदलत?" याचे उत्तर मोठीने शोधले: "तुह्या शब्दाच्या शेवटी दीर्घ ई आहे, म्हणून." आमच्या अंगणाच्या बाहेर तिचा नियम किती टिकेल हे वेगळे (भाऊ-भावाला, भाकरी-भाकरीला असे ती पुढे ताडून पाहीलच), पण नियम शोधायचा असतो हे तिला कळले आणि तो तिने शोधला.

विशेषणाचा खेळ अधिक धावपळीचा. मी एक शब्द सांगायचा आणि मुलांनी तसली वस्तू आणून दोन्ही शब्द एकत्र म्हणायचे. 'हिरवा' म्हटले. एक पेरू घेऊन आली, "हिरवा पेरू". दुसरा मिरची घेऊन आला, "हिरवी मिरची". तिसरा सागाचे पान, "हिरवं पान". मग 'लाल' म्हटले. लाल खडू, लाल फीत, लाल फूल. 'गोड', 'कडू', 'जड' असे चालले आणि पाचव्या-सहाव्या फेरीला शेजारची पोरगी म्हणाली, "आजी, हिरवा बदलून रायला, लाल नाही बदलत." त्यांनीच यादी केली: मोठा, काळा, पिवळा, लांबडा बदलतात, लाल, गोड, जड बदलत नाहीत. 'आ'ने संपणारी विशेषणे नामाप्रमाणे बदलतात, हे मी फळ्यावर कित्येकदा लिहिले होते. इथे मला काही लिहावे लागले नाही.

हा खेळ आमच्या जिल्ह्यात निव्वळ करमणुकीचा राहत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके. एका अंगाला मध्य प्रदेशातला बालाघाट, एका अंगाला छत्तीसगड. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होता. घरात बोलली जाणारी भाषा कुठे झाडीबोली, कुठे पोवारी, कुठे गोंडी, कुठे हलबी, कुठे छत्तीसगडी, बाजारात हिंदी, पुस्तकात प्रमाण मराठी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास मांडला, त्याच्या आधी आमच्यासारखे शिक्षक तिला निव्वळ 'अशुद्ध' म्हणून मोकळे होत. 'पाणी'ला 'पानी' आणि 'डोळा'ला 'डोरा' म्हणणारे मूल चुकत नसते; त्याच्या बोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत, एवढेच. आता विचार करा. मराठीत लिंगे तीन, हिंदीत दोन. गोंडीत विभागणीच निराळी; एकवचनात पुरुष एका बाजूला आणि बायका, जनावरे, वस्तू सगळे दुसऱ्या बाजूला. गोंडी बोलणाऱ्या घरातले मूल 'हिरवा मिरची' म्हणते तेव्हा त्याला विशेषण कळत नाही असे नसते. विशेषण त्याला पक्के कळते. त्याच्या भाषेत मिरचीचे घर वेगळे आहे.

सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत मी चार वर्षे होते. पहिलीत एक गोंडी बोलणारा मुलगा आला होता, तो कित्येक आठवडे एक शब्द बोलला नाही. मी काळजीत होते. पण मैदानावर 'बस', 'उठ', 'पळ', 'थांब' म्हटले की तो इतरांकडे बघून, मग न बघता, बरोबर करायचा. पुढे एके दिवशी खेळताना त्याने दुसऱ्याला ढकलून "थांब!" म्हटले. त्याच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला मराठी शब्द, आणि ते क्रियापद होते. अमेरिकेतल्या जेम्स आशर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दुसरी भाषा शिकण्याची जी रीत मांडली तिचे सूत्र हेच आहे: आधी हुकूम ऐकून शरीराने पाळायचा, बोलण्याची घाई करायची नाही. आशरचे नाव मला निवृत्तीनंतर कळले. रीत मात्र त्या मुलाने दाखवून ठेवली होती.

आपल्याकडे या विचाराची परंपरा नाही असे कोणी समजू नये. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीच्या वर्गाला व्याकरणसुद्धा खेळातून शिकवतो. मारिया मॉन्टेसरींनी व्याकरणाच्या पेट्या केल्या, चिठ्ठीवरचा हुकूम वाचून मुलाने तो करून दाखवायचा अशी योजना केली. नामासाठी त्यांनी काळा त्रिकोण घेतला, बूड टेकून स्थिर बसणारा. क्रियापदासाठी लाल वर्तुळ, घरंगळणाऱ्या चेंडूसारखे. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडला वारली मुलांमध्ये काम केले. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून या दोघींनी खडे, शिंपले, पाने, बिया हाताशी घेतल्या. मला त्यांची ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आज गोंदियाच्या दुकानात व्याकरणाचे चकचकीत तक्ते आणि फ्लॅशकार्ड मिळतात. ते घेतले म्हणून काही बिघडत नाही, पण सूप, खाट, दार आणि सागाचे पान यांच्यापुढे त्यांची गरज काय, ते मला कोणी सांगावे.

आमच्या घरातला सगळ्यांत आवडता खेळ धानाचा झाला. दिवस हंगामाचेच होते. बांध्यांत कडपा पडलेल्या, कुठे पुंजणे रचलेले. धानाची कामे मुक्याने करून दाखवायची आणि बाकीच्यांनी क्रियापद ओळखायचे. कापणे, बांधणे, चुरणे, उफणणे, पाखडणे, कांडणे. धाकट्याने मनगटे वर-खाली केली, ते पाखडणे. शेजारच्या पोरीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन सावकाश रिते केले, ते उफणणे. दोन्हीत भुसा वेगळा होतो. एकात सूप हलते, दुसऱ्यात वारा काम करतो. मराठीने दोन कामांना दोन शब्द दिले आहेत आणि मुलांनी शरीराने तो फरक दाखवला. 'कांडणे' मात्र कोणालाच आले नाही. नातीने मिक्सरचे बटण फिरवून दाखवले. मी माळ्यावरचे मुसळ काढले, उखळ तर केव्हाच कुंपणाशी पडले होते, ते धुऊन घेतले. मूठभर धान टाकून तिने कांडले. दहा-बारा घावांत हात दुखले, साल सुटली, आत तांदूळ दिसला. काम गेले की त्याचे क्रियापदही जाते. ते तिच्या हाताला एकदा तरी लागले याचे मला समाधान वाटले.

सर्वनामाला आम्ही चेंडू घेतला. चेंडू ज्याच्या हातात तो 'मी', ज्याच्याकडे टाकायचा तो 'तू', बाकीचे 'तो' किंवा 'ती'. चेंडू फिरला की 'मी' फिरतो. 'मी' हे कोणा एकाचे नाव नाही, बोलणाऱ्याची ती जागा आहे, हे मला व्याख्येने कधी समजावता आले नव्हते. मग अंगणात एक रेघ मारली आणि 'आपण' आणि 'आम्ही' खेळलो. "आपण बोडीवर जाऊ" म्हटले की ऐकणाऱ्यानेही रेघ ओलांडून यायचे. "आम्ही बोडीवर जाऊ" म्हटले की ऐकणारा तिथेच उभा. हिंदीत दोन्हींना 'हम'च चालते, त्यामुळे आमच्याकडची पोरे मराठीतही हा फरक विसरत चालली आहेत. दोन-तीन फेऱ्यांनंतर धाकट्याला एकटे उभे राहावे लागले आणि त्याचे डोळे भरले. खेळ थांबवून त्याला जवळ घ्यावे लागले. पण 'आम्ही' या शब्दाने कोणीतरी बाहेर राहते, हे त्या पाचांपैकी आता कोणी विसरणार नाही.

उभयान्वयी आणि केवलप्रयोगी यांवर मी फार वेळ घालवत नाही. दोघांचा एकेक पाय बांधून शर्यत लावली की 'आणि' कळतो, आणि 'माय वं!', 'बापरे!', 'शाब्बास!' यांना शिकवणीची गरज नाही.

यावर दोन हरकती घेतल्या जातात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली अशी की व्याकरण शिकून लेखन सुधारते याला आधार काय? १९६३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि स्पष्ट लिहिले की व्याकरणाचे सुटे पाठ देऊन लेखन सुधारत नाही. उलट लिहिण्याचा वेळ तेवढा खर्च होतो. मला ते मान्य आहे. चांगले लिहायला पुष्कळ वाचावे आणि लिहावे लागते. शब्दाचे काम ओळखण्याचा उपयोग दुसरा आहे. आपण रोज वापरतो त्या भाषेकडे थांबून बघता येते. एका भाषेतून दुसरीत जाताना काय बदलते ते पकडता येते. आणि आमच्या जिल्ह्यात हे जाणे रोजचे आहे. घर ते शाळा हे अंतर दोन भाषांचे असते. पोवारी घरातल्या मुलाने 'मोरो', 'मेरा' आणि 'माझा' एका रांगेत उभे करून 'तिघांचं काम एकच' म्हटले, तर त्याची घरची भाषा शाळेच्या भाषेच्या शेजारी सरळ मानेने उभी राहते. शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा आणि पुढे तलाठी, पोलीस भरतीची परीक्षा यांत शब्दांच्या जातींवर प्रश्न येतात, हेही खरे. मोठी मुले रात्र-रात्र याद्या पाठ करताना मी पाहते तेव्हा वाटते, यांना कोणी लहानपणी 'मागे बस' आणि 'दारामागे बस' खेळवले असते तर.

दुसरी हरकत जास्त टोचणारी आहे. ज्या आईला आषाढ-श्रावणात दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायची आहे, उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायची आहेत, मग तेंदूपत्त्याला जायचे आहे, तिला 'घरी मुलाबरोबर व्याकरण खेळा' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? माझ्यासारखी निवृत्त शिक्षिका, ओसरी आणि मोकळी संध्याकाळ प्रत्येक घरात नसते. तक्ते आणून, वेळापत्रक लावून खेळायचे असेल तर हे खरोखर चार सुशिक्षित घरांचे कौतुक ठरेल. पण शब्दांचे काम ओळखायला अक्षर लागत नाही. जी आई कधी शाळेत गेली नाही तिच्या बोलण्यात सगळ्या जाती हजर असतात आणि त्यांपैकी एकही ती चुकीच्या जागी वापरत नाही. बांधीच्या धुऱ्यावर बसलेले मूल तिच्या तोंडून ऐकते: पऱ्हे उपट, जुडी बांध, तिकडे फेक, सरळ रोव. चार हुकूम, चार क्रियापदे. शिक्षकाने एवढेच करायचे की घरचा अभ्यास म्हणून व्याख्या लिहायला न देता सांगायचे, 'आज घरी कोणती कामं ऐकली, त्यांतली पाच उद्या करून दाखव.' घर आपले काम आधीच करत आहे. शाळेने त्याची दखल घ्यायची राहिली आहे. मीही ती नोकरीत असताना पुरेशी घेतली नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. खेळ कुठेतरी थांबला पाहिजे आणि नाव उच्चारले पाहिजे. उड्या मारून पोरे दमली आणि कोणी 'हे क्रियापद' म्हणालेच नाही, तर त्या नुसत्या उड्या. पुष्कळ 'कृतियुक्त' शाळांत मी हे पाहिले आहे: छायाचित्र निघते, अहवाल जातो, मुलाच्या हाती काही राहत नाही. धाकट्याने "काम बदलून रायलं" म्हटले त्या क्षणी मी 'क्रियापद' हा शब्द दिला. त्याच्या आधी दिला असता तर तो पाठांतरात गेला असता आणि उशिरा दिला असता तर पोरे जेवायला पळाली असती.

म्हणून ज्यांच्या हातात लाल पेन आहे त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या सहामाहीला कोणाच्या ना कोणाच्या उत्तरपत्रिकेत 'उडी'खाली रेघ सापडेल. फुली मारण्याआधी त्या मुलाला जवळ बोलवा आणि म्हणा, "उडी मोज."